मेटकरी सरांचा बुरूज

मेटकरी सर कोणाच्याही घरी गेले की खुर्ची शोधायच्या आधी गच्ची शोधत. पाणी नको, चहा नंतर, आधी गच्चीची किल्ली. वर जाऊन कठड्याच्या कडेकडेने एक फेरी मारायची, डोळ्यांवर हात धरून चारही दिशांना बघायचं, आणि खाली आल्यावर दार नजरेसमोर राहील अशीच खुर्ची निवडायची. त्या खुर्चीत कोणी आधीच बसलेलं असलं तर त्याला बेलाशक उठवायचं. आम्ही गुडगावला राहायला आलो त्याच आठवड्यात ते आमच्या दारात उभे राहिले. पांढरा सदरा, खाकी पँट, पायात कॅनव्हासचे बूट, साठी उलटलेली. "पाटीवर मराठी आडनाव दिसलं म्हणून आलो. मी मेटकरी, पलीकडच्या ब्लॉकमधला. गच्ची कुठून आहे?" मला वाटलं, पाण्याची टाकी बघायला सोसायटीने पाठवलेलं कोणी असेल. मी किल्ली दिली. परत आल्यावर ते खूश होऊन म्हणाले, "तुमच्याकडून मागचं गाव पूर्ण दिसतं. आमच्याकडून अर्धंच. मी येत जाईन." मी या म्हटलं नव्हतं, पण ते येत राहिले.

त्या वेळचं गुडगाव ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगून पटायचं नाही. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत पोहण्याचा तलाव होता, प्रत्यक्षात पाण्याचा टँकर होता. मोहरीच्या शेतात मध्येच एक काचेची इमारत उभी राहायची आणि तिच्या सावलीत नीलगायी चरायच्या. रस्ते आज खणले, उद्या बुजवले, परवा पुन्हा खणले. वीज गेली की ब्लॉकाब्लॉकांतले जनरेटर घरघरायला लागत. परदेशी कंपन्या येत होत्या, लोक नोकऱ्या बदलत होते, आज ज्यांच्याकडून विरजण आणलं ते पुढच्या दिवाळीला सिंगापूरला गेलेले असत. माझा नवरा संजय सकाळी फरीदाबादच्या कारखान्यात जायला निघायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा. मी पुण्यातली बँकेतली नोकरी सोडून आलेली, त्यामुळे कायम कोणावर तरी डाफरायला टपलेली. कोणाचाच पाय तिथे ठरत नव्हता. पण सरांइतका अस्वस्थ माणूस त्या अख्ख्या वस्तीत दुसरा नव्हता. चहाचा कप अर्धा झाला की ते उठत. "जरा बघून येतो," म्हणत. काय बघायचंय, ते कधीच सांगत नसत. त्यांच्या पत्नी, सिंधूकाकू, उरलेला चहा झाकून ठेवत आणि म्हणत, "ह्यांच्या पायाला भिंगरी आहे आणि डोक्यात रोम."

रोमचं खरंच होतं. सर दिल्लीतल्या एका सांध्य कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवून निवृत्त झाले होते आणि त्यांचा जीव एकाच विषयात होता: रोमन साम्राज्याच्या सीमा. सम्राट, कट, लढाया, यांत त्यांना काडीचा रस नव्हता. साम्राज्य जिथे संपतं तिथे काय असतं, हे त्यांना हवं असे. भिंत असते, खंदक असतो, समुद्रकिनाऱ्यावर टेहळणीचे बुरूज असतात, आणि त्या बुरुजावर थंडीने काकडणारा एक माणूस असतो, ज्याने रोम कधी पाहिलेलंही नसतं. तो माणूस सरांचा. सरांनी स्वतः यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. त्यांच्याजवळ पासपोर्टही नव्हता. बैठकीच्या खोलीत देवांच्या फोटोशेजारी एका रोमन स्तंभावरच्या कोरीव कामाचा फोटो होता. नदीकाठचा बुरूज, त्याच्या खिडकीतून बाहेर काढलेली मशाल, शेजारी गवताची गंजी आणि लाकडांचा ढीग. काकू उदबत्ती ओवाळताना त्याच्यावरूनही एकदा फिरवत. सर तिकडे बोट दाखवून म्हणत, "एवढं थोरलं साम्राज्य, आणि भिस्त कशावर? एक मशाल आणि एक गवताची गंजी."

सोसायटीतल्या पोरांना ते बागेत जमवून गोष्टी सांगत. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका बुरुजाच्या अवशेषांत माणसाचे आणि कुत्र्याचे सांगाडे जवळजवळ सापडले होते, ती गोष्ट त्यांची सगळ्यात आवडती. "मशाल पेटवली असणार बिचाऱ्याने," सर आवाज खाली आणून सांगत, "पण धावून कोणी आलं नाही. बुरूज नुसता बघतो रे पोरांनो. धावतो तो माणूस. धावणारं कोणी नसेल तर बुरूज म्हणजे उंच थडगं." आमची ऋचा तेव्हा दुसरीत होती. ही गोष्ट ऐकल्यापासून ती एकटी झोपेना. मी तणतणत सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिला त्या कुत्र्याचं नाव ठेवायला सांग." ऋचाने नाव ठेवलं टायगर, आणि त्या दिवसापासून निवांत झोपली. मला हे आवडलं नाही, कारण मी भांडायला गेले होते.

एकदा मी त्यांना आडनावाचा अर्थ विचारला. मेट म्हणजे गडाच्या चढणीवर, अर्ध्या वाटेवर असलेली पहाऱ्याची जागा. वर गड, खाली गाव, मध्ये मेट, आणि तिथे पिढ्यान्पिढ्या राहणारे ते मेटकरी. सरांचं घराणं साताऱ्याकडच्या अशाच एका गडाच्या अर्ध्यावरचं. "वर कोण चाललंय, खाली कोण उतरतंय, हे फक्त आम्हाला ठाऊक," ते सांगत होते. "किल्लेदाराला गावातली माणसं ओळखता येत नसत आणि गावाला किल्लेदार माहीत नसे. दोघांना ओळखणारे आम्ही. म्हणून तर दोघेही आम्हाला जेवायला बोलवत नसत." हे ते हसत हसत म्हणाले, पण लगेच उठून बघायला निघून गेले. रोमच्या सीमेवरच्या त्या काकडणाऱ्या शिपायाशी त्यांचं नातं कुठून जुळलं असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

दिल्लीत तीस-एक वर्षं काढूनही सरांची हिंदी म्हणजे मराठीला लावलेली 'है'ची शेपटी होती. सोसायटीचे अध्यक्ष भल्ला हे मोटारींचे सुटे भाग परदेशी पाठवणारे, गडगडाटी हसणारे, पोट सुटलेले गृहस्थ. सर एकदा त्यांना म्हणाले की आपल्या गेटला बुरूज नाही तर आपणच तिथे उभे राहा. भल्लांचा चेहरा पडला. सर घाईघाईने म्हणाले, "बुरा मत मानिए, मैं तो चेष्टा कर रहा था." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. भल्लांनी भाबडेपणाने विचारलं, "किस चीज़ की?" यावर आम्ही आठवडाभर हसत होतो. पुढे जे घडलं ते याच हिंदीपायी घडलं, म्हणून हे सांगितलं.

सोसायटीच्या मागच्या भिंतीला एक खिंडार होतं. आमच्या सोसायटीच्या जागी पूर्वी मागच्या गावाची शेतं होती. शेतं विकली गेली, पण त्यांतून जाणारी गावाची पायवाट कोणाच्या नकाशात नव्हती, ती फक्त गावाच्या पायांत होती. बिल्डरने भिंत घातली, गावाने पाडली, पुन्हा घातली, पुन्हा पाडली. शेवटी दोघेही कंटाळले आणि भोक राहिलं. त्यातून दूध यायचं, भाजी यायची, आमच्या घरोघरी काम करणाऱ्या बायका यायच्या. आणि सकाळी लाल रिबिनी बांधलेल्या गावातल्या मुली यायच्या, कारण त्यांची सरकारी शाळा आमच्या पुढच्या गेटाच्या पलीकडे होती. माझ्याकडे आणि काकूंकडे काम करणारी बिमला त्याच गावची. तिच्या दोघी मुली त्याच भोकातून शाळेत जात.

मग एका सकाळी दोन गाड्यांमधले स्टीरिओ चोरीला गेले. चोर कोणी पाहिला नव्हता, तरी तो मागूनच आला होता याबद्दल कोणाला शंका नव्हती. भल्लांनी ठरवलं, मागची भिंत पूर्ण उंच करायची, भोक बुजवायचं आणि त्या कोपऱ्यावर पहाऱ्याचा एक बुरूज बांधायचा. ते स्वतः सरांच्या घरी आले. "प्रोफेसर साहब, टावर का आपसे बड़ा एक्सपर्ट कौन है? जगह हमारी, डिज़ाइन आपका. बिल्कुल जैसा आप कहें."

सरांचे डोळे लकाकले. मी तिथेच बसले होते, मी पाहिलं. पुढचे कित्येक दिवस काकूंच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं होतं. मोठे कागद, पट्ट्या, खोडरबर. खाली दगडी चौथरा, वर विटांचं काम, त्याच्यावर चारी बाजूंनी लाकडी सज्जा, मशालीच्या जागी कंदील. माझ्या गच्चीवर तर ते दिवसातून कितीदा तरी येत आणि मला कोपऱ्यात उभं करून विचारत, "इथून डोकं दिसेल का गं?" एक दिवस मी न राहवून म्हणाले, "सर, खाली ते भोक आहे त्याचं काय?"

"बघू," ते म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, "आयुष्यभर दुसऱ्यांचे बुरूज शिकवले, अनघा. एक आपला होऊ दे."

मला त्यांचा राग आला, आणि कीवही आली. जन्मभर 'बघून येतो' म्हणणारा माणूस 'बघू' म्हणाला होता.

बिमलाला सगळं कळलं होतंच. भांडी घासता घासता ती मला म्हणाली, "भाभीजी, हाईवे से तो इनका बाप नहीं भेजेगा. दोनों घर बैठ जाएँगी." भोक बुजलं तर शाळेला जायला गावाबाहेरून हायवेचा वळसा होता. ट्रकांचा रस्ता, बाजूला चालायला धड माती नाही. गावातले बाप मुलींना तिकडून पाठवणार नाहीत हे ती तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. उन्हाळा येणार आहे असं सांगावं, तसं सांगत होती. मी जाऊन सरांना तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या गच्चीवर आले ते शाळेच्या वेळेला. लाल रिबिनी एकेक करून भोकातून आत येताना त्यांनी पाहिल्या आणि चहा न घेताच गेले.

सभा रविवारी सकाळी होती, अर्धवट बांधलेल्या क्लबहाउसमध्ये. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, उघड्या विटा, बाहेर जनरेटरचा घरघराट. सरांनी आराखडा उलगडला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सर म्हणाले, "और इसके नीचे दरवाज़ा." त्यांच्या त्या हिंदीत त्यांनी समजावून सांगितलं की ब्रिटनमधल्या रोमनांच्या भिंतीला दर मैलाला फाटक होतं. रोमन काही मूर्ख नव्हते. भिंत नुसती अडवते, माणूस कोण आहे हे दारात कळतं. भल्लांनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रेमाने म्हणाले, "प्रोफेसर साहब, टावर चाहिए तो छेद बंद. दोनों नहीं होगा." माना हलल्या. संजयसुद्धा घड्याळ बघत मान हलवत होता. त्याच्याशी मी नंतर दोन दिवस बोलले नाही.

सर त्या कागदाकडे बघत उभे राहिले. सत्तरीकडे झुकलेला माणूस, समोर त्याचा बुरूज, सज्ज्याच्या खांबांसकट. मला वाटलं, आता हे मान हलवणार. त्यांनी कागदाची सावकाश गुंडाळी केली, तिला रबरबँड लावलं आणि म्हणाले, "टावर रहने दीजिए. मुझे उधर एक मेट दे दीजिए. बाकी मैं देख लूँगा."

भल्लांना एवढा स्वस्त सौदा अपेक्षित नव्हता. "एक मेट? बस? किसी को ऐतराज़?" कोणालाच नव्हता. हात वर झाले, ठराव पास झाला.

घरी परतताना सर तरंगत होते. बुरूज गेला तर गेला, मेट मिळालं, पहाऱ्याची जागा मिळाली, म्हणजे दार मिळालंच. त्यांच्या घरात शिरल्यावर मी विचारलं, "सर, तुम्ही काय मागितलंत ते कळलं का तुम्हाला?" त्यांना कळलं नव्हतं. इकडे बांधकामावर मजुरांवर देखरेख करणाऱ्या माणसाला मेट म्हणतात. सभेला वाटलं, प्रोफेसरांना भिंतीच्या कामावर एक मुकादम हवाय.

"मुकादम?" सर म्हणाले.

"मुकादम."

"आणि दार?"

"दार पास नाही झालं सर. मुकादम पास झालाय."

ते बसले. दाराकडे पाठ होती तरी बसले, यावरून काय ते समजा. बुरूज हातचा सोडला होता आणि दारही मिळालं नव्हतं. काकूंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. "घरातला एवढा एक शब्द जपून ठेवला होता, तोही नको तिथे खर्च केलात," त्या म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. सरांनी पाणी घेतलं नाही आणि बघायलाही उठले नाहीत. मी त्यांना इतका वेळ एका जागी कधीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंकडे होते तेव्हा दाराची बेल वाजली. बाहेर एक धिप्पाड माणूस उभा होता, डोक्याला गमछा, गळ्यात शिट्टी. ठेकेदाराने पाठवलेला हरफूल. "मेट मँगवाया था जी?" त्याने विचारलं. "काम क्या कराना है? जो बोलोगे, करा दूँगा."

सर त्याच्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं, जे वर्गात आवडीचा धडा सुरू करताना येत असेल.

"दरवाज़ा," सर म्हणाले.

भल्ला त्याच दिवशी जर्मनीला एका प्रदर्शनाला गेले होते. तेवढ्यातही सर हळहळले की हा माणूस रोमन सीमेच्या इतक्या जवळ जाईल आणि बघणार नाही. इकडे भिंत उंच झाली, ठरल्याप्रमाणे; फक्त भोकाच्या जागी चौकट उभी राहिली. दोन्ही बाजूंना बसायला दगडी ओटे झाले, ते दगड गावातल्या लोकांनी ट्रॅक्टरमधून आणून दिले. सर उन्हात उभे राहून हरफूलला सूचना देत, हरफूल मजुरांना देत असे आणि सरांची हिंदी तो आपल्या मनाने सुधारून घेत असे.

भल्ला परत आले आणि थेट मागच्या भिंतीपाशी गेले. आम्ही सगळे मागोमाग. "मैंने मेट पास किया था, गेट नहीं!" त्यांचा आवाज आमच्या गच्चीपर्यंत गेला असेल. सरांनी हरफूलला ओट्यावरून उठवून उभं केलं. "ये मेट है," ते म्हणाले. मग ओट्याकडे आणि चौकटीकडे हात केला. "और जिस जगह ये बैठता है, उसको हमारे में मेट ही बोलते हैं. आपने दोनों पास किया." आणि त्यांनी भल्लांना गड, गाव आणि अर्धी वाट सगळं सांगितलं, आपल्या आडनावासकट. तेवढ्यात शाळा सुटलेल्या मुली तिथे पोचल्या आणि एवढी माणसं बघून बिचकून थांबल्या. त्यांतली बिमलाची धाकटी भल्लांना नमस्ते करून त्यांच्या पोटाला वळसा घालून गेली. भल्लांनी तिला जाऊ दिलं. "कमाल है यार," ते म्हणाले. मग गंभीर होऊन त्यांनी बजावलं, "एक भी चोरी हुई, तो मैं ईंटें लगवा दूँगा. ज़िम्मेदारी आपकी." सर म्हणाले, "मंजूर."

तेव्हापासून सर मेटावर बसायला लागले. बसायला म्हणजे, त्यांच्या मानाने. वेताच्या खुर्चीत क्षणभर, मग उठून आत, मग बाहेर, मग पुन्हा खुर्चीत. मला त्यांची काळजी वाटायची. एक स्टीरिओ गेला असता तरी त्या दाराचं आणि सरांचं काय झालं असतं! पण भिंतीचं काम संपल्यावरही हरफूल दारावर पहाऱ्याला राहिला होता आणि सर त्याला शिकवत होते: "नाव विचारायचं, 'कुठे चाललास' विचारायचं नाही. नाव सांगितलेला माणूस चोरी करायला लाजतो." हे खरं आहे की नाही मला माहीत नाही. एवढं खरं की वर्षभरात सरांना गावातलं प्रत्येक माणूस नावाने माहीत झालं, कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या सुनेचं माहेर कुठलं, सगळं. आमच्या ब्लॉकमधल्या अर्ध्या लोकांची नावं त्यांना येत नसत. "हे सारखे बदलतात," ते तक्रार करत.

मग एका मे महिन्यात, भर दुपारी, भल्लांच्या ब्लॉकखालच्या जनरेटरने पेट घेतला. शेजारीच डिझेलचे डबे होते. पुढच्या गेटावरचे गणवेशातले पहारेकरी फोन शोधायला पळाले. बायका मुलांना कडेवर घेऊन जिन्यातून धावत होत्या आणि धुराने जिना दिसत नव्हता. मी ऋचाला घट्ट धरून खाली उभी होते, आणि मला मागून शिट्टी ऐकू आली. लांबलचक, न थांबणारी, म्हातारी शिट्टी. सरांनी हरफूलच्या गळ्यातून ती ओढून घेतली होती. पाठोपाठ मेटातून गाव आत आलं. बादल्या, ओली पोती, फावड्याने वाळू, आणि कोणीतरी शेतात पाणी द्यायचा ट्रॅक्टरचा टँकर पळवत आणलेला. अग्निशमनाची गाडी खणलेले रस्ते चुकवत पोचली तेव्हा आग विझून चिखल झाला होता. भल्ला काजळी माखलेल्या अंगाने एका गावकऱ्याचा हात धरून नुसते उभे होते.

मी सरांना शोधत मागे गेले. ते ओट्यावर बसले होते, शिट्टी अजून हातात. मी पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं आणि माझ्याकडे बघितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आले गं," ते म्हणाले. "मशाल पेटली आणि आले."

यानंतर दार बुजवायची गोष्ट कोणी काढली नाही.

काही वर्षांनी त्यांचा मुलगा नितीन दोघांना आपल्याकडे इंग्लंडला घेऊन गेला. सरांना जायचं होतं आणि नव्हतंही. सामान गाडीत चढलं तरी ते मेटावर हरफूलला काहीतरी सांगत होते. काकू गाडीत बसून हाका मारत होत्या. शेवटी ते आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीचं दार धरून नेहमीसारखंच म्हणाले, "जरा बघून येतो." मी हसले. मग गाडी वळल्यावर रडले.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. नितीनने त्यांना स्कारबरोला, समुद्राकाठच्या कड्यावरचा तसाच एक रोमन बुरूज बघायला नेलं होतं. लाइनवर वाऱ्याची गोष्ट सांगताना ते अजून धापा टाकत होते. बुरूज नाहीच, गवतातला नुसता पाया, आणि त्यातलाही एक भाग कड्याबरोबर ढासळून समुद्रात गेलेला. "कसं वाटलं सर?" मी विचारलं. ते म्हणाले, "लहान आहे गं. मला वाटलं होतं मोठा असेल." आणि लगेच, "मेट उघडं आहे ना?" मी म्हणाले, उघडं आहे. "मग बरं," ते म्हणाले. त्या हिवाळ्यात ते गेले. काकूंनी फोनवर सांगितलं की खुर्चीतच गेले, दाराकडे तोंड करून. मला ते ऐकून बरं वाटलं आणि फार वाईट वाटलं, दोन्ही एकदम.

आता आमच्या गच्चीवरून गाव दिसत नाही. चारही बाजूंनी उंच इमारती आहेत, गुडगावचं गुरुग्राम झालंय, मोहरीच्या शेतावरून मेट्रो जाते. सोसायटीत कॅमेरे आले. नवी कमिटी दर दोन वर्षांनी मागच्या दाराचा विषय काढते, आणि मी दर वेळी सभेत दाराकडे तोंड करून बसते आणि भांडते. भांडायला मला अजून आवडतं. भल्ला आता काठी टेकत येतात आणि माझ्या बाजूने हात वर करतात. बिमलाची धाकटी आता त्याच शाळेत शिकवते आणि त्याच दारातून जाते.

परवा ऋचा ऑफिसमधून कॅबने घरी आली. मी गॅलरीत होते. खाली ती ड्रायव्हरला सांगत होती, "भैया, बस मेट पे उतार देना," आणि ड्रायव्हरला ते बरोबर कळलं होतं. वर आल्यावर मी तिला विचारलं, मेट म्हणजे काय गं? ती म्हणाली, "मागचं गेट यार, मम्मा. हरियाणवी वर्ड आहे ना तो?" तिच्या दुसरीतल्या टायगरचीही तिला आठवण नव्हती. मी तिला बसवलं, चहा ओतला आणि सुरुवातीपासून सांगायला लागले. गड, गाव, अर्धी वाट. बुरुजाच्या कागदाला लावलेल्या रबरबँडपर्यंत आले आणि मागच्या बाजूने कोणाचा तरी चढा आवाज ऐकू आला. कोणाला तरी दारात अडवलं होतं. माझा चहा अर्धाच झाला होता.

"झाकून ठेव," मी ऋचाला म्हणाले. "जरा बघून येते."